लोणारचा खार, जवसाचा धागा आणि ममी

इजिप्तच्या संस्कृतीचा पाठ सुरू झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, इतकी वर्षे प्रेत टिकले कसे?’ यावर आपण बहुधा ‘खास मसाले लावून’ असे उत्तर देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. विद्यार्थी गप्प बसतो, पण त्याला नवे काहीच कळलेले नसते. कोणते मसाले? त्यांनी नेमके काय होते? आणि हजारो वर्षांपूर्वीची ही कृती आपल्याला समजली तरी कशी?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला इजिप्तला जावे लागत नाही. जालना जिल्ह्यातील शिक्षकाला तर त्यातली बरीचशी घराच्या आसपासच सापडतील. मंठ्यापलीकडे लोणारचे सरोवर आहे, शेतात जवस आहे, शहरात बियाण्यांचे कारखाने आहेत आणि रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, हैदराबादला, एक खरीखुरी ममी आहे. या चार गोष्टी जोडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हैदराबादची पाहुणी

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. जालन्याच्या जुन्या पिढीसाठी राजधानी म्हणजे हैदराबाद. तेथील सार्वजनिक बागेत, म्हणजे बाग-ए-आममध्ये, जे राज्य संग्रहालय आहे, त्यात ही ममी ठेवलेली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती विकत घेतली होती. पुढे ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली आणि त्यांनी १९३० साली ती संग्रहालयाला दिली.

भारतात ममी असलेली संग्रहालये मोजकीच आहेत. कोलकात्याच्या ममीचा प्रवास १८३४ साली एशियाटिक सोसायटीला मिळालेल्या भेटीपासून सुरू झाला. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये ‘तुतू’ नावाच्या स्त्रीची ममी आहे. लखनौच्या संग्रहालयातही एक आहे. बडोद्याची ममी मराठी वाचकाला जवळची वाटेल, कारण ती महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९५ साली, तेथील संग्रहालयासाठी खरेदी झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या या राजाला आपल्या प्रजेने घरबसल्या जग पाहावे असे वाटत होते.

या खरेदीविक्रीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधील थडगी सर्रास उकरली जात आणि प्रवासी, राजेरजवाडे, संग्राहक ममी विकत घेत. बाजारात येईपर्यंत ममी कोणत्या गावची, कोणत्या थडग्यातली, तिच्याबरोबर आणखी काय होते, ही माहिती बहुतेक वेळा हरवलेली असे. मग विक्रेत्याला किंमत जास्त मिळेल असे नाव आणि घराणे तिला चिकटवले जाई. हैदराबादच्या ममीला ‘सहाव्या फारोची राजकन्या’ म्हटल्याचे अनेकांनी वाचले असेल. पण तिचा काळ साधारण इ.स.पू. ३०० ते १०० सांगितला जातो. तोवर इजिप्तमध्ये फारोंची परंपरा सुरू होऊन सुमारे २८०० वर्षे उलटली होती. मग हा ‘सहावा’ कोठून मोजायचा? फलकावरील वाक्य वाचून ‘याला पुरावा काय?’ असे विचारायची सवय विद्यार्थ्यांना येथेच लावता येईल.

पाणी गेले की कुजणे थांबते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेत कुजते म्हणजे काय? शरीरातील विकरे पेशींचे विघटन सुरू करतात आणि मग जीवाणू व बुरशी त्यावर वाढतात. या दोन्ही क्रियांना पाणी लागते. माणसाच्या शरीरात वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी असते. ते वेगाने काढून टाकले तर जीवाणूंचे काम बंद पडते.

हे तत्त्व आपल्या घरात रोज वापरले जाते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड वाळवतात, लोणच्याच्या फोडींना मीठ लावून त्यांचे पाणी सोडवतात. जालन्यात बियाणे साठवणाऱ्यालाही हेच माहीत असते. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्यात १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा चालत नाही, आणि हवाबंद पाकिटात भरायचे असेल तर ८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. फरक एवढाच, की बी वाळवतात ती आतला जीव झोपलेला पण जिवंत राहावा म्हणून. ममीत जीव नसतो, केवळ आकार राखायचा असतो.

इजिप्तच्या लोकांनी वाळवण्यासाठी जो पदार्थ वापरला त्याचे नाव नेट्रॉन. सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हे त्यातील मुख्य घटक असून सोबत मीठ आणि सोडियम सल्फेट असते. कैरोच्या वायव्येस वादी नत्रून नावाचा सखल प्रदेश आहे. तेथील खाऱ्या तळ्यांचे पाणी आटले की काठावर हा खार जमतो.

लोणार पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभे राहील. उल्काघाताने बनलेल्या या विवरातील पाणीही सोडियम कार्बोनेट व मिठाने भरलेले आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर पांढरा थर दिसतो. या खाराचा उपयोग आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’त लोणारच्या संदर्भात काच व साबण बनवण्याच्या सामग्रीचा उल्लेख आहे. पापडात घालतात तो पापडखार याच कुळातला. नेट्रॉन आणि लोणारचा खार तंतोतंत एक नाहीत, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती सख्खी भावंडे आहेत.

मग साधे मीठ का नाही वापरले? मीठही पाणी शोषते. पण नेट्रॉन अल्कधर्मी असल्यामुळे आणखी दोन कामे करते. तीव्र अल्कधर्मी माध्यमात बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. शिवाय खार आणि चरबी यांच्या संयोगाने साबण तयार होतो, म्हणजे शरीरातील स्निग्ध पदार्थांचाही काही अंशी बंदोबस्त होतो.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इ.स.पू. पाचव्या शतकात या कृतीचे वर्णन लिहून ठेवले आहे. मेंदू नाकावाटे काढत, पोटाच्या बाजूला छेद देऊन आतडी, यकृत, फुप्फुसे बाहेर काढत. हृदय मात्र इजिप्तचे लोक जागीच ठेवत, कारण त्यांच्या मते बुद्धी हृदयात वसत होती. नंतर शरीर नेट्रॉनमध्ये ठेवत. सर्व विधींना मिळून ७० दिवस लागत, त्यांपैकी सुमारे ४० दिवस वाळवण्याचे.

नेट्रॉनचे पाणी करून त्यात शरीर बुडवत, की कोरडा खारच भरत, यावर पुष्कळ काळ वाद होता. तुतनखामेनच्या थडग्यातील वस्तूंवर काम केलेले रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी मेलेल्या कबुतरांवर प्रयोग केले आणि कोरडा खारच योग्य ठरतो असे दाखवले. १९९४ साली अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड यांनी देहदान केलेल्या एका व्यक्तीच्या शरीरावर प्राचीन पद्धतीने हीच कृती केली. दोनशे किलोंहून अधिक नेट्रॉनमध्ये ३५ दिवस ठेवल्यावर ते शरीर वाळून टिकाऊ झाले. ग्रंथातील वर्णन प्रयोगाने तपासून घ्यायचे असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जगभरच्या ममी

ममी म्हटले की इजिप्त आठवते, पण ही कला तेवढ्यापुरती नव्हती. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या किनाऱ्यावरील चिंचोरो लोक सुमारे ७००० वर्षांपूर्वी, म्हणजे इजिप्तच्या कितीतरी आधी, मृतांचे देह जतन करत होते. हे मासेमारी करणारे साधे लोक होते. त्यांच्यात राजे नव्हते, आणि लहान मुलांच्या ममीही त्यांनी तितक्याच निगुतीने केल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात १०,००० वर्षांहूनही आधी मृतदेह धुरावर वाळवून मग पुरत असत.

काही वेळा माणसाने काहीच केले नाही, निसर्गानेच देह राखला. इजिप्तच्या तापलेल्या वाळूने आरंभीच्या काळातील दफने आपोआप वाळवली. कदाचित तेच पाहून पुढे कृत्रिम पद्धत सुचली असावी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला ‘ओत्झी’ ५००० वर्षांहून जुना आहे. १९९९ साली अर्जेंटिनातील युयायाको पर्वतावर, ६७०० मीटरहून अधिक उंचीवर, इन्का काळातील तीन मुलांचे गोठलेले देह मिळाले. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेला ‘टोलुंड मानव’ २००० वर्षांहून जुना असूनही त्याच्या हनुवटीवरील खुंट दिसतात. तेथे आम्लधर्मी पाणी आणि प्राणवायूचा अभाव कामी आला. आपल्या देशात हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात ग्यू गावी एका बौद्ध भिक्षूचा बसलेल्या स्थितीतील देह आहे, साधारण पंधराव्या शतकातला.

ही सारी उदाहरणे एका सूत्रात बसवता येतात. जीवाणूंना पाणी, ऊब, अनुकूल सामू, आणि त्यांपैकी अनेकांना प्राणवायू लागतो. यातील एखादी गोष्ट पूर्णपणे हिरावून घेतली की देह टिकतो.

मग महाराष्ट्रात प्राचीन ममी का नाहीत? एक तर दहनाची रूढी. पण ताम्रपाषाण युगात येथेही दफन होत असे. इनामगाव, नेवासे, दायमाबाद येथे झालेल्या उत्खननांत घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुले मिळाली आहेत. मातीच्या दोन घटांची तोंडे एकमेकांना जोडून आत मूल ठेवलेले असे. तेथे उरली ती हाडे. पावसाळ्यात चिंब होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती मांस, त्वचा, वस्त्र काहीच ठेवत नाही. ममी न उरण्याचे कारण हवापाण्यात आहे, मायेच्या अभावात नाही. आपले मूल दूर नको, घरातच असावे असे ज्यांना वाटले, त्यांची भावना चिंचोरो आईबापांहून वेगळी कशी म्हणावी?

मलमल की जवस?

‘इजिप्तच्या ममी भारतीय मलमलीत गुंडाळलेल्या होत्या’ हे वाक्य आपल्याकडे भाषणांत आणि लेखांत अनेकदा येते. ऐकायला गोड वाटते, पण ते खरे आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातही ममीचे कापड सुती आहे की तागासारख्या धाग्याचे, यावर वाद होता. जेम्स थॉमसन यांनी अशा कापडाचे अनेक नमुने गोळा केले आणि फ्रान्सिस बाउअर या निष्णात चित्रकाराने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चित्रे काढली. कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. ममीच्या कापडाचे तंतू मात्र गोल नळीसारखे होते आणि त्यांवर ठरावीक अंतराने उसाच्या पेऱ्यांसारख्या खुणा होत्या. १८३४ साली निष्कर्ष जाहीर झाला : हे लिनन आहे.

लिनन म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाच्या खोडाचा धागा. आपण जवस पिकवतो ते बियांसाठी, तेलासाठी आणि चटणीसाठी. इजिप्तचे लोक त्याच जातीच्या वनस्पतीच्या खोडापासून वस्त्र विणत. म्हणजे ममीच्या कापडाशी आपले नाते आहे, पण ते मलमलीचे नसून जवसाचे आहे. याहून आश्चर्याची गोष्ट पुणे जिल्ह्यातील चांडोली येथील ताम्रपाषाणयुगीन दफनात मिळाली. तांब्याच्या मण्यांच्या माळेत जवसाच्या धाग्याचे अवशेष शिल्लक होते. तांब्याचे क्षार जीवाणूंना मारक असतात, म्हणून आपल्या मातीतही एवढा धागा टिकून राहिला.

उघडून पाहणे आणि न उघडता पाहणे

‘ममी’ या शब्दाच्या मागेही एक गैरसमज दडलेला आहे. फारसीत ‘मोम’ म्हणजे मेण, आणि ‘मूमिया’ म्हणजे डोंगरातून पाझरणारा डांबरासारखा औषधी पदार्थ. ममीवरचा काळा राळेचा थर पाहून लोकांना तो मूमियाच वाटला. युरोपात कित्येक शतके ममीची पूड औषध म्हणून विकली आणि खाल्ली गेली. चित्रकारांनी तिचा तपकिरी रंग केला. पुढे लंडनमध्ये श्रोत्यांसमोर ममीचे कापड उलगडण्याचे कार्यक्रम होऊ लागले.

या साऱ्यांतून काही शास्त्रही पुढे आले. डॉ. ग्रॅनव्हिल यांनी १८२५ साली रॉयल सोसायटीपुढे एका स्त्रीच्या ममीच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त सादर केला. तिच्या बीजकोशात गाठ होती आणि तीच मृत्यूचे कारण असावी असे त्यांना वाटले. ममीतील मेणासारखा पदार्थ वापरून केलेल्या मेणबत्त्याही त्यांनी त्या व्याख्यानात लावल्या होत्या. तो पदार्थ म्हणजे शरीरातील चरबीचाच साबण झालेला भाग होता असे आता मानतात. २००९ साली त्याच ममीच्या जपून ठेवलेल्या ऊतींत क्षयाच्या जीवाणूंचा डीएनए मिळाला आणि मृत्यूचे कारण क्षय असण्याची शक्यता पुढे आली. ग्रॅनव्हिल निष्काळजी नव्हते, पण त्या काळाची साधने तोकडी होती. आणि एकदा उलगडलेली ममी पुन्हा पूर्वीसारखी करता येत नाही.

राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी ममीची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. १९७० च्या दशकापासून सीटी स्कॅनचा उपयोग सुरू झाला. त्याचे फलित महाराष्ट्रातील लोकांना मुंबईत पाहायला मिळाले. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचे ममीविषयक प्रदर्शन भरले होते. त्याचा नायक होता नेस्पेरेन्नुब, इ.स.पू. ८०० च्या सुमारास कर्नाकच्या देवळात पुजारी असलेला माणूस. त्याची पेटी कोणी उघडली नव्हती, एक पट्टीही सोडली नव्हती. स्कॅनच्या दीड हजारांहून अधिक प्रतिमा संगणकाने जुळवून प्रेक्षकाला जणू त्याच्या आत नेले.

त्याच्या डोक्याच्या मागे एक मातीचे ओबडधोबड भांडे चिकटलेले दिसले. धर्मग्रंथात अशा भांड्याचा उल्लेख नाही. अभ्यासकांनी लावलेला अर्थ साधा आहे. राळ ओतताना ओघळ धरण्यासाठी कारागिराने ते भांडे डोक्याखाली ठेवले असावे आणि वेळेवर उचलायचे राहिले. राळ घट्ट झाली. भांडे काढायचा प्रयत्नही झाला, पण निघेना. मग त्याने ते तसेच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळल्या. कोणाला कळणार होते? ते २८०० वर्षांनी कळले! आपली चूक झाकून टाकणारा तो अनामिक कारागीर आपल्याला राजापेक्षा जवळचा वाटतो.

मुंबईच्या या संग्रहालयाचे ज्ञान हैदराबादलाही उपयोगी पडले. तेथील ममीच्या पट्ट्या जीर्ण होऊन फाटू लागल्या होत्या. २०१६ साली मुंबईच्या संवर्धन तज्ज्ञांच्या मदतीने तिची तपासणी व डागडुजी झाली आणि ती नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत ठेवण्यात आली. इजिप्तच्या कारागिरांनी पाणी काढून घेतले होते, आपण प्राणवायू काढून घेतला. तत्त्व तेच.

सहलीला जाण्यापूर्वी

विद्यार्थ्यांना ममी दाखवायला नेताना एक गोष्ट आधी बोलून घ्यावी. पेटीत आहे ती वस्तू नव्हे, ते कोणाचे तरी माणूस आहे. मृतदेह प्रदर्शनात ठेवावेत का, यावर जगभरच्या संग्रहालयांत आज गंभीर चर्चा चालू आहे. इजिप्तनेही २०२१ साली २२ राजांच्या व राण्यांच्या ममी नव्या संग्रहालयात हलवल्या, तेव्हा राजाला शोभेल अशी मिरवणूक काढली. वर्गात या प्रश्नाचे एकच उत्तर निघणार नाही आणि निघण्याची गरजही नाही. मुलांनी त्यावर वाद घालावा. पण पेटीपुढे उभे राहून खिदळायचे नाही, हे त्यांना त्या चर्चेतूनच उमजेल.

आणि एक प्रयोग. बटाट्याचे सारख्या वजनाचे तीन तुकडे घ्या. एक उघड्यावर ठेवा. दुसरा एका वाटीत मिठात पूर्ण पुरा. तिसरा धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा समप्रमाणात घेऊन त्यात थोडे मीठ मिसळलेल्या मिश्रणात पुरा. हे मिश्रण हातांना आणि डोळ्यांना लागू देऊ नका, तुकडे अर्थातच खायचे नाहीत. दर दोन दिवसांनी तुकडे झटकून वजन करा, ओले झालेले मिश्रण बदला आणि दहा दिवसांच्या नोंदींचा आलेख काढा. लोणारहून मात्र खार आणू नका. ते संरक्षित क्षेत्र आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कापसाचा एक तंतू आणि लिननच्या जुन्या रुमालाचा एक तंतू शेजारी ठेवून पाहा. बाउअरने १८३४ पूर्वी जे पाहिले, ते तुमच्या विद्यार्थ्यांनाही दिसेल. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बटाट्याचे निकाल सारखे येतात का, तेही तपासा आणि आम्हाला जरूर कळवा.